आठातल्या चार तारा

*नमस्कार,*

*मी घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळ राहते. घरूनच लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. गेल्या दिवाळीत नवऱ्याने घरात नॅस आणला, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी. चार-चार टीबीच्या दोन डिस्क आहेत, एकीवर जे जातं तेच दुसरीवरही. तो हॉलमध्ये टीव्हीखाली, राउटरच्या शेजारी असतो. मी बसते बेडरूममध्ये. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नाही, म्हणून यूएसबीचं डोंगल लावून केबल भिंतीतल्या सॉकेटला जोडली आहे. सॉकेट बिल्डरने दिलेला. एकाच प्लेटवर नेटचं पोर्ट आणि शेजारी इंटरकॉमचं.*

*एका लग्नाचं फुटेज साधारण १८० जीबी. ते नॅसवर जायला साडेचार तास लागतात. कॉपीच्या खिडकीत ११.२ एमबी दिसतं, ते ना वर जात ना खाली येत. फोटोंचं फोल्डर ६० जीबीचंच, पण त्यालाही चार तास. नॅसवरून थेट फोर-के क्लिप चालवली की अडखळते.*

*इंटरनेटवाल्यांना फोन केला तर त्यांनी १०० चा प्लॅन ३०० चा करून दिला. नॅसला काडीचा फरक पडला नाही. स्पीड टेस्ट केली: मोबाइलवर वाय-फायने २८०, लॅपटॉपवर केबलने ९४. त्यांचा माणूस म्हणाला, लॅपटॉप जुना झालाय. दुकानदार म्हणतो, नॅसमध्ये एसएसडी कॅश टाका. नवरा म्हणतो, नवा नॅस घेऊ. सासूबाई म्हणतात, आधीची ती हातातली हार्ड डिस्कच बरी होती. कोणाचं ऐकू?*

*– एक वाचक, ठाणे पश्चिम*

ताई, तूर्तास सासूबाईंचं ऐका. म्हणजे नॅस काढून टाका असं नाही. पण काही विकत घेऊ नका, एवढ्यापुरतं नक्की. शिवाय त्यांचं निरीक्षण चोख आहे. साधी यूएसबी ३ ची पोर्टेबल हार्ड डिस्क मोठ्या फायली सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास सहज घेते. तुमचा नॅस घेतोय अकरा. घरात सगळ्यात कमी तांत्रिक शब्द वापरणाऱ्या व्यक्तीनेच नेमकं मोजमाप केलंय.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडले ते दोन आकडे: ११.२ आणि ९४. लोक मला लिहितात ते ‘खूप स्लो आहे हो’ असं. त्यावर काय सांगणार? तुम्ही आकडे दिलेत आणि त्या आकड्यांनीच निम्मं उत्तर दिलंय. कारण हे दोन वेगळे आकडे नाहीत, एकाच माणसाचं घरातलं आणि शाळेतलं नाव आहे. नेटवर्कवाले मोजतात बिटांत, कॉपीची खिडकी मोजते बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट. ९४ ला आठाने भागा, पावणेबारा येतात. विंडोज एक एमबी दहा लाख बाइटांचा न धरता १०,४८,५७६ बाइटांचा धरते, म्हणून त्याच वेगाला ती ११.२ म्हणते. झालं.

आता हा वेग कुठून येतो? तांब्याच्या नेटवर्क केबलवर आपल्या घरांत मुख्यतः दोनच वेग नांदतात. एक शंभर मेगाबिटचा, १९९५ चा. दुसरा हजारचा, ज्याला गिगाबिट म्हणतात, तो केबलवर आला १९९९ मध्ये. मधलं दोनशे, चारशे असं काही नसतं. केबल खोचली की दोन्ही टोकांची उपकरणं आपसात बोलणी करतात. हजारावर जमलं तर हजार, नाहीतर थेट शंभरावर उतरतात. उतरल्याचं कुणाला कळवत नाहीत, लाल दिवा लावत नाहीत, बिचारी निमूटपणे काम करत राहतात. शंभराच्या वाटेवरून वरचा पसारा वजा जाता हातात उरतात ९४. तुमचे तेच ९४.

आणखी एक खूण. डिस्क दमली की आकडा खाली-वर होतो. वाय-फायचा आकडा तर सारखा हेलकावे खातो. जो आकडा साडेचार तास जागचा हलत नाही, तो बहुतेक वायरचाच असतो.

जुना कोपरीचा पूल आठवत असेल. मुलुंडकडून ठाण्यात येताना हायवे चार-चार मार्गिकांचा, आणि पुलावर आलं की दोन-दोन. रोज संध्याकाळी त्या तोंडाशी गाड्यांची जी रांग लागायची ती मागे विक्रोळीला रस्ता रुंद करून मिटली असती का? तुमच्या इंटरनेटवाल्यांनी विक्रोळीला रस्ता रुंद केलाय. दुकानदार पुलाच्या पुढे माजिवड्याला मोठं पार्किंग बांधून द्यायला निघालाय. पूल आहे तिथेच.

प्लॅनचं तर मुळात नॅसशी नातंच नाही. लॅपटॉपवरून नॅसवर जाणारी फाइल घराबाहेर पडतच नाही. बेडरूममधून निघते, राउटरपाशी वळते, टीव्हीखाली जाते. उद्या इंटरनेटचं बिल भरलं नाही आणि लाइन कापली, तरी तुमचं फुटेज त्याच वेगाने नॅसवर जात राहील. (अपवाद एकच: नॅस उघडताना त्या कंपनीने दिलेल्या वेब पत्त्यावरून उघडत असाल, तर फाइल कधीकधी बाहेर जाऊन परत घरात येते. घरात असताना नॅसचा घरचाच पत्ता वापरा.)

मग पूल कुठे आहे? इथेही तुमची स्पीड टेस्ट कामाला येते. ती करताना नॅसचा संबंध नव्हता, तरी लॅपटॉपवर ९४ च आले. म्हणजे नॅस निर्दोष, निदान या गुन्ह्यात. मोबाइलवर २८० आले, म्हणजे बाहेरून राउटरपर्यंतची लाइनही ठीक. उरला बेडरूम ते राउटर एवढा तुकडा. त्यात पाच संशयित: डोंगल, बेडरूममधली छोटी केबल, भिंतीतली केबल, राउटरजवळची छोटी केबल आणि राउटरचं ते पोर्ट.

माझा संशय कोणावर आहे ते सांगतो, पण आधी तुम्ही दहा मिनिटांची एक गोष्ट करा. लॅपटॉप आणि डोंगल उचला, हॉलमध्ये जा, राउटरच्या अगदी शेजारी बसा. भिंतीतून येणारी केबल राउटरच्या ज्या पोर्टात आहे ती काढा, आणि त्याच पोर्टातून एका छोट्या केबलने थेट डोंगलला जोडा. छोटी केबल नवीन आणलेली असली तर उत्तम. कॅट सिक्सची मीटर-दोन मीटरची तयार पॅच कॉर्ड दोन-तीनशेत मिळते. मग एकच मोठी फाइल, दहा-वीस जीबीची, नॅसवर टाका. पहिल्या काही सेकंदांचा आकडा मनावर घेऊ नका. विंडोज सुरुवातीला फाइल मेमरीत भरून घेते आणि फुशारकी मारते. मिनिटभराने बघा.

शंभराच्या पुढे आकडा गेला, तर डोंगल आणि राउटर दोघेही सुटले. दोष भिंतीत किंवा आधीच्या छोट्या केबलींत. अकराच राहिला, तर डोंगल उलटं करून त्यावर काय छापलंय ते वाचा. ‘१०/१००’ एवढंच असेल आणि पुढे ‘१०००’ नसेल, तर चोर सापडला. स्वस्तातली बरीच डोंगलं शंभराचीच असतात, आणि खोक्यावर ‘हाय स्पीड’ लिहिलेलं असतं. चाळीसच्या आत कुठेतरी घुटमळला, तर डोंगल गिगाबिटचं असूनही यूएसबी २ चं आहे. निळ्या पोर्टात चालणारं यूएसबी ३ चं घ्या. आणि डोंगल चांगलं असूनही अकराच असेल, तर राउटरचं पोर्ट बदलून बघा. इंटरनेटवाले जो डबा देतात त्यातल्या बऱ्याच डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि बाकीची शंभराची. दिसायला चारही जुळी भावंडं. तुमच्याकडे तसं निघालं तर त्या एका चांगल्या पोर्टातून पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच लावा, आणि नॅस व बेडरूमची केबल दोन्ही त्या स्विचमध्ये खोचा. हजार-दीड हजाराचं काम. नॅसचं पोर्टही त्याच निमित्ताने तपासलं जाईल: नॅसच्या सेटिंगच्या पानावर नेटवर्कमध्ये त्याचा वेग लिहिलेला असतो, तिथे १००० हवं. लॅपटॉपवर हेच बघायचं तर विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट, आणि खाली ‘लिंक स्पीड’. दोन्ही टोकं बघायची, कारण लॅपटॉप ते राउटर हजार आणि राउटर ते नॅस शंभर असंही होतं, आणि मग माणूस लॅपटॉपवरचा हजारचा आकडा बघून उगाच डिस्कला शिव्या देत बसतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी मी स्वतः नॅसच्या दोन्ही डिस्क बदलल्या होत्या. नव्या डिस्क, चांगल्या महागातल्या. वेग अकराच. मग आठवडाभराने दिवाण सरकवला तेव्हा दिसलं की त्याचा पाय केबलवर होता. बायको काही बोलली नाही, फक्त ‘केबल केवढ्याला मिळते?’ एवढं विचारलं.

आता माझा संशय. तुम्ही सहज लिहून गेलात की एकाच प्लेटवर नेटचं पोर्ट आणि शेजारी इंटरकॉमचं. ते वाक्य वाचूनच मी हे पत्र निवडलं.

नेटवर्क केबलच्या पोटात आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक रंगाबरोबर त्याची पांढऱ्या पट्ट्याची सोबतीण. शंभराच्या वेगाला यातल्या दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. निळी आणि तपकिरी नुसत्या बसून असतात. गिगाबिटला मात्र आठही तारा लागतात, एकही कमी चालत नाही. आता बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनचा विचार करा. त्याला बेडरूममध्ये नेट द्यायचंय आणि इंटरकॉमचा पॅरलल पॉइंटही द्यायचाय. पाइपातून दोन केबली ओढायच्या की एकीतच दोन्ही कामं उरकायची? तो एकच ओढतो. नारिंगी-हिरवी नेटला, निळी इंटरकॉमला. तपकिरी प्लेटमागे दुमडून ठेवतो, ‘लागली तर असू द्या’ म्हणून. ज्या दिवशी त्याने हे केलं त्या दिवशी ते पूर्ण चाललं असणार, कारण घराघरांत पन्नास-शंभरचे प्लॅन होते आणि नॅस कुणाच्या स्वप्नातही नव्हता. त्याला दोष देण्यात फार अर्थ नाही. तारा वाचवल्या, काम झालं, फ्लॅटचा ताबा मिळाला.

तेव्हा भिंतीवरच्या प्लेटचे दोन स्क्रू काढा आणि मागे बघा. इथे वीज नसते, फक्त शेजारी लाइटचा सॉकेट त्याच डब्यात असेल तर आधी एमसीबी खाली करा. नेटच्या पोर्टामागे किती रंग खोचलेत ते मोजा. चारच असतील, तर पुढचं वाचा. आठही असतील, तर दुसऱ्या टोकाला बघा, राउटरजवळ किंवा दरवाजाजवळ घरभरच्या केबली जिथे एकत्र येतात त्या लोखंडी डब्यात. तिथे पारदर्शक कनेक्टर असतो, उजेडात धरला की आतल्या तारा मोजता येतात. दोन्हीकडे आठ असूनही वेग शंभरच असेल, तर एखादी तार आत तुटलेली किंवा नीट न दाबलेली. केबल टेस्टर लावला की एक ते आठ दिवे ओळीने पेटतात, जो पेटत नाही ती तार गेली. (टेस्टरवर सगळे दिवे पेटूनही गिगाबिट चालत नाही, असंही कधी दिसतं. जोडणाऱ्याने रंगांची जोडी फोडून एक तार हिच्यातली आणि एक तिच्यातली अशी वापरलेली असते. स्वस्त टेस्टरला ते कळत नाही. केबलचे कनेक्टर पुन्हा नीट दाबून बसवणं (क्रिम्प करणं) हाच उपाय.)

चार तारांची केबल आठांची करणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. सीसीटीव्हीची कामं करणारा कोणीही पंचिंग टूल घेऊन येतो आणि दोन्ही टोकं नव्याने बसवून देतो. तारांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवायला सांगा. तो क्रम त्यालाच तोंडपाठ असतो, तुम्ही पाठ करू नका. एकच गोष्ट त्याच्याकडून बघून घ्या: तार किंचित खरवडली तर आतून तांबडी दिसते की चंदेरी. चंदेरी असेल तर ती ॲल्युमिनियमची तार, वरून तांब्याचा मुलामा दिलेली. ती वाकवली की मोडते, दोन-तीनदा पंच केली की टोक गळून पडतं. तशी निघाली तर केबलच बदला.

आणि बदलायची वेळ आली तर कृपा करून भिंतीला हात लावू नका. घोडबंदर पट्ट्यातले नवे टॉवर बहुतेक मायवन पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून उभे केलेत. त्यात विटांची भिंत नसतेच, जी दिसते ती आरसीसी आणि तिच्यावर इमारत उभी आहे. तिला खोबणी पाडायची नाही, सोसायटीही पाडू देणार नाही. काँक्रीट ओतायच्या आधीच आत पाइप टाकलेले असतात. जुन्या केबलच्या शेपटीला नवी बांधायची आणि दुसऱ्या टोकाने ओढायची. पाइप सिमेंटने तुंबला नसेल तर सरकन येते. तुंबला असेल तर छताच्या कडेने पांढऱ्या पट्टीतून केबल न्यावी लागते. दिसायला बरं नाही, पण पडद्याच्या दांड्यामागून नेली तर पाहुण्यांना दिसत नाही. खिडकीच्या ग्रिलबाहेरून नेऊ नका. उन्हाने वरचं आवरण तडकतं आणि पावसाळ्यात पाणी त्यातून आत झिरपत कनेक्टरपर्यंत पोचतं. मग पितळी टोकं हिरवी पडतात.

याच भिंतींमुळे वाय-फायचंही अवघड होतं. तुमच्या मिस्टरांना कदाचित प्रश्न पडला असेल की मोबाइलवर २८० येतात तर केबल हवी कशाला? खरंय की. आज रात्रीच एखादं लग्न नॅसवर टाकायचं असेल तर खुशाल लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसा आणि पाच गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरून पाठवा. तुमच्या आजच्या केबलपेक्षा तिप्पट वेगाने जाईल. पण बेडरूमचं दार लावून दोन काँक्रीटच्या भिंती मध्ये आल्या की ते २८० राहत नाहीत. शिवाय वाय-फाय हा एकेरी पूल आहे: एका वेळी एकच बाजू बोलते आणि त्याच हवेत वरच्या-खालच्या मजल्यांचे राउटरही बोलत असतात. मध्ये रिपीटर लावला तर तो प्रत्येक गोष्ट एकदा ऐकतो आणि मग पुन्हा बोलतो, म्हणजे वेग जवळपास निम्मा. रोजचं काम असेल तर केबलच.

हे सगळं झालं की तुमचं १८० जीबीचं लग्न साधारण अठ्ठावीस मिनिटांत नॅसवर जाईल. गणित सरळ आहे, अकराच्या जागी एकशे दहा. डिस्क खूप भरलेली असेल तर पाच-दहा मिनिटं जास्त धरा. फोर-के अडखळण्याचं कोडंही त्यातच सुटेल. कितीतरी कॅमेरे फोर-के रेकॉर्डिंग सेकंदाला शंभर मेगाबिटने करतात. तुमच्या वाटेवर जागा होती चौऱ्याण्णवची. शंभराचा हत्ती चौऱ्याण्णवच्या दारातून जाईल कसा? दर काही सेकंदांनी अडणारच. आणि हो, ३०० च्या प्लॅनचे पैसे तुम्ही भरता आहात, ते ३०० तुमच्या लॅपटॉपला पहिल्यांदाच दिसतील.

फोटोंचं दुखणं मात्र वेगळं आहे, केबल बदलून ते पूर्ण बरं होणार नाही. ६० जीबी अकराने गेले असते तर दीड तासात संपायला हवे होते, तुम्हाला चार तास लागतात. यात वायरचा दोष दीड तासांचाच. उरलेले अडीच तास फायलींच्या संख्येचे आहेत. सोसायटीच्या गेटवर रजिस्टर असतं ना, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, फ्लॅट नंबर, वेळ, सही? एक ट्रक आला तर एक नोंद. तेच सामान पंचवीस हजार माणसांनी एकेक वाटी हातात घेऊन आणलं तर पंचवीस हजार नोंदी. रस्ता रिकामा असतो, रांग गेटवर असते. नॅसवर फाइल ठेवतानाही तसंच: प्रत्येक फाइलसाठी नाव तयार कर, उघड, लिही, तारीख टाक, बंद कर, आणि प्रत्येक पावलाला एक निरोप जातो, एक उत्तर येतं.

तुमच्या फोल्डरमध्ये नुसते फोटो नसणार हे मी पैजेवर सांगतो. फोटो एडिटिंगची सॉफ्टवेअर प्रिव्ह्यूच्या हजारो चिल्लर फायली बाजूला बनवून ठेवतात. त्या नॅसवर न्यायची गरज नाही, पुन्हा बनतात. कॅटलॉगची फाइल आणि मूळ फोटो एवढंच न्या. जुनी, संपलेली कामं असतील तर एकेका समारंभाची एक झिप करा, कॉम्प्रेशन बंद ठेवून. फोटो आधीच दाबलेले असतात, पुन्हा दाबून फक्त वेळ जातो. रोज चालू कामाचं फोल्डर असेल तर विंडोजमधलं रोबोकॉपी वापरा. कमांडमध्ये ‘/MT’ जोडलं की ते एकाच वेळी अनेक फायली पाठवतं, म्हणजे गेटवर एकाऐवजी आठ वॉचमन बसवल्यासारखं. कमांड लिहायची भीती वाटत असेल तर मिस्टरांना सांगा, नवा नॅस शोधण्यापेक्षा कमी वेळ लागेल. आणि नॅसमध्ये फोटोंची छोटी चित्रं बनवणं, चेहरे ओळखणं वगैरे चालू असेल तर ते रात्री दोनला लावा. तुम्ही फोटो टाकताय आणि तो त्याच वेळी नवऱ्या मुलीची मावशी ओळखत बसलाय, यात दोघांचंही काम रखडतं.

तुमच्या निमित्ताने इतर वाचकांसाठी एक. ज्यांचा आकडा सुरुवातीला शंभराच्या पुढे असतो आणि काही जीबी गेल्यावर वीस-तीसवर, कधी पाचावर कोसळतो, त्यांनी तारा मोजत बसू नये. तो डिस्कचा खेळ आहे. काही डिस्कवर लिहिण्याचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्याला एसएमआर म्हणतात. जागा जास्त मावते, पण एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. थोडा वेळ डिस्क मोकळ्या कोपऱ्यात लिहून वेळ मारून नेते, तो भरला की धापा टाकते. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्कही अशाच निघाल्या आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं म्हणून बराच गदारोळ झाला. डिस्क घेताना मॉडेल नंबर बघून सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेली, आहे याची खात्री करा. आणि डिस्क जुनी असेल तर नॅसच्या सेटिंगमध्ये स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा अहवाल, आधी बघा. दोनातली एक डिस्क मरायला टेकली की दुसरीलाही तिच्या चालीने चालावं लागतं.

दुकानदाराची एसएसडी कॅश, म्हणजे डिस्कच्या पुढे लावलेला छोटा वेगवान साठा, तुम्हाला नको. ती विखुरलेल्या छोट्या वाचनाला मदत करते, मोठं फुटेज ओळीने लिहायला नाही. कोणी जम्बो फ्रेम, म्हणजे नेटवर्कवर माहितीची मोठी पाकिटं, चालू करा म्हणालं तरी करू नका. फायदा चिमूटभर, आणि एका उपकरणावर राहिलं की नॅस दिसेनासाच होतो. विंडोज ११ प्रो ची २४एच२ आवृत्ती नॅसशी बोलताना प्रत्येक निरोपावर सही मागते आणि अगदी अशक्त नॅस त्याने थोडा मंदावतो. ती सही बंद करायचे उपाय सांगणारे भेटतील. तुमच्या क्लायंटची लग्नं त्यावर आहेत, राहू द्या ती सही. गिगाबिटच्याही वरचं अडीच गिगाबिटचं प्रकरण पुढे कधी नॅसवरूनच थेट एडिटिंग करायचं झालं तर बघू, आत्ता नाही.

दोन डिस्कवर तेच ते लिहिलं जातं म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड लगेच फॉरमॅट करत असाल तर ते मात्र थांबवा. तुम्ही चुकून फोल्डर उडवलंत तर ते दोन्हींवरून एकदमच उडतं. सासूबाईंची ती पोर्टेबल डिस्क फेकून दिली नसेल अशी आशा आहे. लग्न नॅसवर गेलं की एक प्रत तिच्यावर, मगच कार्ड रिकामं.

आणि तो माणूस तारा बसवायला येईल तेव्हा स्वतः तिथे उभ्या राहा. उघडल्या उघडल्या प्लेटमागचा मोबाइलवर फोटो काढा, आणि निळी जोडी इंटरकॉमला गेली असेल तर ती नेटसाठी काढण्याआधी त्याला विचारा, की बेडरूमचा इंटरकॉम हा शेवटचा पॉइंट आहे की इथूनच पुढे स्वयंपाकघरात लाइन गेलीये. शेवटचा असेल तर सोडून द्या, बेडरूममध्ये इंटरकॉम कोण उचलतं? पण पुढे गेली असेल तर आधी स्वयंपाकघराची सोय, मग नॅस. नाहीतर फुटेज अठ्ठावीस मिनिटांत जाईल आणि खाली गेटवर भाजीवाला तासभर उभा राहील.